एक थर जास्तीचा

उस्मानचाचांबद्दल मला शांतपणे बोलता येत नाही, हे आधीच कबूल करते. घरी त्यांचा विषय निघाला की माझा नवरा आपलं ताट उचलून टीव्हीसमोर जाऊन बसतो आणि म्हणतो, "आता हिचं तासभर चालणार." चालणारच! ज्या माणसानं मला भिंतीकडे बघायला शिकवलं, त्याच्याबद्दल पाच मिनिटांत काय सांगणार, कपाळ?

मी वसईची. किल्ल्याच्या दगडांवर चढून गुडघे फोडून घेतलेली मुलगी. पुढे शिकले तेही जुन्या इमारतींची मापं घ्यायचं आणि नकाशे काढायचं काम. लग्न होऊन मस्कतला आले, मदिनत सुलतान काबूसला घर केलं, मुलगी शाळेत जायला लागली आणि एका लहानशा ऑफिसनं मला पुन्हा हातात टेप दिली. काम होतं एका हिस्नचं. मस्कतहून गाडीनं दोन तास, डोंगराच्या पायथ्याशी, खजुराच्या बागांमध्ये. हिस्न म्हणजे अर्धा किल्ला, अर्धा राजवाडा. बाहेरून बुरूज आणि जाडजूड भिंती, आत राहायच्या खोल्या, आणि मधोमध आभाळाला उघडा चौक. काही शतकांपूर्वी एक इमाम इथं राहून गावाचा न्यायनिवाडा करायचा असं म्हणतात. जागेचं नाव मी सांगणार नाही, कारण पुढे एका चुकीची गोष्ट येणार आहे आणि त्या चुकीत माझाही हात आहे.

पहिल्याच दिवशी चौकानं माझी फजिती केली. लेझरचं यंत्र लावून चारही बाजू मोजल्या, तर एकही बाजू दुसरीशी जुळेना. कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजलं तर हातभर फरक. वाटलं, यंत्र उन्हानं तापलं असणार. सावलीत नेऊन थंड केलं, पुन्हा मोजलं. तेच. तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा मी मोठ्यानं यंत्राच्या सात पिढ्या उद्धरल्या, अर्थात मराठीत. मागून हसू ऐकू आलं.

बुटकासा, काळासावळा म्हातारा. पांढरी दाढी, पिवळं हेल्मेट आणि हेल्मेटच्या खाली विणलेली टोपी. बोटावर थोडा ओला चुना होता. तो त्यानं जिभेला लावला, थुंकला, आणि मजुरांना हिंदीत सांगितलं की अजून अर्धं घमेलं भाजकी माती टाका. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाय, चौकोन पाटीवर काडायचा असतो. ह्यो ऊन बगून काडलाय."

हे उस्मानचाचा. रत्नागिरीच्या खाडीकाठचे, गवंड्यांच्या घरातले. विशीत ओमानला आले आणि पस्तीस-चाळीस वर्षं इथंच भिंती बांधत राहिले. आधी मत्रहला एका गुजराती व्यापाऱ्याच्या गोदामांवर, मग दुक्मच्या वाळूत, आणि शेवटी जुने हिस्न दुरुस्त करणाऱ्या एका ओमानी कंत्राटदाराकडे. त्या कंत्राटदाराला सगळे अर्बाब म्हणत, म्हणजे मालक. अर्बाब तोंडानं फटकळ होता, पण चाचांच्या कामावर त्याचा इतका भरवसा की चाचा भिंतीवर असले तर तो खाली उभाही राहत नसे, चहा प्यायला निघून जाई.

त्या दिवशी चाचांनी मला दुपारपर्यंत चौकातून फिरवलं. माझं काम राहिलं ते राहिलंच! ते मला जागोजागी उभं करायचे आणि विचारायचे, काय वाटतं. पूर्वेच्या ओसरीत उभी राहिले तर अंगाला गार वारा. चार पावलं पुढे सरकले तर भट्टी. पुन्हा मागे आले तर गार. वरच्या मजल्याच्या जाळीच्या खिडक्या आणि खालचं दार एकमेकांच्या बरोबर समोर नव्हते, थोडे सरकवलेले होते. मला ती गवंड्याची चूक वाटली होती. चाचा म्हणाले की दार खिडकीसमोर असतं तर वारा आला तसा पळाला असता. सरकवलं म्हणून तो चौकात एक फेरा मारून मग जातो. चौक एका टोकाला अरुंद होता तोही मुद्दाम, पाण्याचा पाट होता त्या बाजूला सावली जास्त वेळ टिकावी म्हणून. कुण्या शतकातल्या त्या माणसाकडे ना लेझर होतं ना कॉम्प्युटर, आणि त्यानं उन्हाला आणि वाऱ्याला असं कामाला लावलं होतं! मी आनंदानं नुसती वेडी व्हायची बाकी होते. संध्याकाळी नवऱ्याला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, मुलीची फी भरलीस का?

चाचांची एकेक तऱ्हा होती. भिंत बघताना ते आधी तिला हात लावायचे नाहीत. मागे हात बांधून, पाहुण्यानं नवीन घर बघावं तसे लांबून बघायचे. मग बोटाच्या पेरानं टकटक करायचे आणि कान लावायचे. आत पोकळ असेल तर जीभ टाळ्याला लावून आवाज काढायचे, जसा आपण मूल पडलं की काढतो. सारूज, म्हणजे भाजकी माती आणि चुना यांचा इथला गिलावा, जिभेवर चाखल्याशिवाय लावायचे नाहीत. तो चाखून त्यांच्या जिभेची चव गेली होती म्हणे. डब्यात सुक्या सुरमईचं झणझणीत कालवण असायचं, एवढं तिखट की मी एकदा चाखून पाणी पीत बसले, आणि हा माणूस म्हणे आज जरा फिकट झालंय.

पण सगळ्यांत मोठी तऱ्हा म्हणजे दगडाची. जुन्या कामातला कुठलाही दगड ते आल्या दिवशी उचलू द्यायचे नाहीत. त्याच्याभोवती खडूनं गोल काढायचे आणि म्हणायचे, "त्याला एक दिवस दे." एक अख्खा दिवस, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, येता-जाता तो दगड बघायचा. तो तिथं का आहे ते कळलं तर ठेवायचा, नाही कळलं तर अजून एक दिवस. मजूर वैतागायचे, कारण त्यांना काम उरकायची घाई. अर्बाब 'यल्ला, यल्ला', म्हणजे चला चला, करून घसा बसवायचा. चाचा ढिम्म. "भिंतीला घाई कलत नाय," एवढंच म्हणायचे.

चौकाच्या फरशीत असे सात दगड होते. लांबट, अरुंद, फरशीच्या वर दोन बोटं आलेले, आणि प्रत्येकाचा कल वेगळा. पंख्याची पाती पसरावीत तसे ते पश्चिमेच्या भिंतीपासून आत चौकात पसरले होते. पहिला भिंतीला लागून, भिंतीच्याच दिशेनं. मग एकेक करून दूर. चाचांनी सातही दगडांभोवती खडू मारून ठेवला होता. एक दिवस झाला, दोन झाले, महिना झाला, खडू मिटला की ते पुन्हा मारायचे. त्यांना काही उलगडा होत नव्हता आणि त्याचा त्यांना त्रास होत होता.

आणखी एक गोष्ट आम्हाला दोघांनाही खटकत होती. हा एवढा शहाणा चौक, पण त्याची पश्चिमेची बाजू बुटकी का? तीन बाजूंना दोन मजले, आणि जिकडून दुपारचं रणरणतं ऊन येतं तिकडे नुसती एकमजली भिंत! मी म्हणायचे, पैसे संपले असतील इमामाचे. चाचा मान हलवायचे. म्हणायचे, ज्यानं वारा फिरवला तो ऊन विसरेल काय?

त्या पश्चिमेच्या भिंतीचा माथा पडलेला होता. माथ्यावर दात्यांसारखी कंगोऱ्यांची ओळ, त्यांतला मधला कंगोरा सगळ्यांत उंच आणि वर निमुळता. तो कधीच ढासळला होता. तो चाचांनी बांधला. काय बांधला! खालच्या जुन्या कामात आणि वरच्या नव्या कामात जोड कुठे आहे ते मला लेझरनं सापडेना. सरकारी तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याचा फोटो काढला, अर्बाबनं त्या दिवशी सगळ्यांना बिर्याणी दिली. चाचांचं हे शेवटचं काम होतं. काम ताब्यात दिलं की ते कायमचे गावी जाणार होते. चाळीस वर्षांत त्यांची एकही भिंत कुणी पाडून पुन्हा बांधली नव्हती, आणि हे ते कुणी न विचारताही सांगायचे.

इथं मला चाचांच्या पावसाबद्दल सांगायलाच हवं. हा माणूस आयुष्यभर ओमानात राहिला, जिथं वर्षात दोनदा शिंतोडे उडाले तर लोक गाड्या घेऊन वाहतं पाणी बघायला जातात. पण चाचांच्या हातात कोकणातला पाऊस होता. कुठलीही भिंत संपवताना ते माथ्यावर एक थर जास्तीचा घालायचे, बाहेरच्या अंगाला उतार देऊन, पाणी निथळून जावं म्हणून. सगळे चेष्टा करायचे. कुणी म्हणायचं, चाचा, छत्रीपण बांधून द्या. चाचा सांगायचे की दुक्मला एकदा वादळ आलं, मातीच्या सगळ्या भिंती बसल्या, एकटी त्यांची उभी राहिली. हे खरं होतं, दुक्मला त्यांच्याबरोबर असलेले लोक मला भेटलेत. तो थर म्हणजे त्यांची सही होती. कंगोऱ्यावरही तो होता. नंतर माप घेताना माझ्या लक्षात आलं की नकाशापेक्षा कंगोरा एक वीत आणि वर चार बोटं उंच आहे. मी वर बघितलं. इतका देखणा दिसत होता! मी वहीत लिहिलं, 'हरकत नाही.' माझ्याच अक्षरात.

मग सालिमबाबा आले.

सालिमबाबा गावातले सगळ्यांत म्हातारे. पांढराशुभ्र झगा, हातात काठी, डोळे अधू. चौक साफ झाल्याचं ऐकून बघायला आले आणि त्या सात दगडांपाशी थबकले. खाली बसून त्यांनी पहिल्या दगडावरून हात फिरवला आणि अरबीत भराभर बोलायला लागले. चाचांना कामावरचं अरबी चांगलं यायचं. ऐकता ऐकता त्यांचे डोळे मोठे झाले आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला.

गोष्ट अशी होती. या गावाचं पाणी म्हणजे फलज, डोंगरातून जमिनीखालून आणलेला पाट. तो या चौकाच्या कडेनं वाहत जाऊन बाहेर बागांत जातो. पाणी सगळ्यांचं, पण प्रत्येकाचा वाटा वेळेचा. कुणाचा अर्धा तास, कुणाचा तास. आता लोक मनगटावरचं घड्याळ बघतात. पण सालिमबाबांचे वडील पाण्याची वेळ सांभाळणारे होते आणि ते या चौकात बसून वेळ सांगायचे. पश्चिमेच्या उंच कंगोऱ्याच्या टोकाची सावली पहिल्या दगडावर आली की दुपार. तिथून प्रत्येक दगड अर्ध्या तासाचा. दगड लांबट आणि तिरके, कारण उन्हाळ्यात सावली दगडाच्या एका टोकाला शिवते, हिवाळ्यात दुसऱ्या. पण शिवते त्याच वेळेला.

अहो, मी ओरडलेच! अख्खा चौक म्हणजे घड्याळ! पश्चिमेची भिंत म्हणूनच बुटकी! ती उंच असती तर सावली दुपारीच चौक ओलांडून गेली असती. इमामानं दुपारचं ऊन अंगावर घेतलं ते गावाला पाण्याची वेळ कळावी म्हणून. चाचा तर लहान मुलासारखे एका दगडावरून दुसऱ्या दगडाकडे पळत होते.

ऑफिसला कळवलं, तर या कामाचे कन्सल्टंट साहेब आले. साहेब दुष्ट नव्हते, काटेकोर होते. त्यांनी सूर्याच्या वेळेचा आणि घड्याळाच्या वेळेचा फरक धरून तीन दुपारी सावली मोजली. पहिल्या दगडावर बरोबर आली. पण दुसऱ्यावर दीड-दोन मिनिटं आधी. तिसऱ्यावर त्याहून आधी. शेवटच्या दगडावर सहा-सात मिनिटं आधी पोचून वीतभर पुढे गेली. तिन्ही दिवस तेच. साहेबांनी लिहिलं की हे घड्याळ नाही, जुन्या फरशीचे उरलेले दगड आहेत. उद्घाटनाला खुर्च्या मांडायच्या, तर फरशी सपाट हवी. रविवारी दगड काढून तिथं नवी फरशी बसवायची, असं ठरलं.

सालिमबाबा रोज येऊन ओसरीत बसायचे. आधी ते भांडले, मग विनवण्या केल्या. त्यांच्या घरची मंडळी येऊन साहेबांची माफी मागून गेली की बाबांचं आता वय झालंय, त्यांना काहीबाही आठवतं. हे त्यांच्यासमोरच म्हणाले. त्यांनी फक्त काठी या हातातून त्या हातात घेतली. मला इतका राग आला, आणि करता मात्र काहीच येत नव्हतं.

गुरुवारी दुपारी चाचांनी डबा उघडलाच नाही. ते शेवटच्या दगडापाशी उकिडवे बसले होते आणि सावली पुढे गेलेली बघत होते. मग मला हाक मारली. माझी पेन्सिल मागितली आणि वाळूत उभी रोवली. तिच्या सावलीच्या टोकाला खडा ठेवला. मग पेन्सिलीच्या टोकावर माझा खोडरबर बसवला. सावली खड्याच्या पुढे गेली.

मला कळायला दोन क्षण लागले. मग मी पश्चिमेच्या कंगोऱ्याकडे बघितलं.

"बाय, तुज्या फायलीत तो जुना फोटो हाय ना," चाचा म्हणाले. होता. कंगोरा पडायच्या आधीचा, धुरकट, कुणा प्रवाशानं काढलेला. आम्ही दोघांनी बोट ठेवून थर मोजले. नऊ. मग वर बघून मोजले. दहा. पुन्हा मोजले. दहाच.

मी बोलायला लागले, आणि मी बोलायला लागले की थांबत नाही. म्हटलं, चाचा, चूक माझी. मी मापलं होतं, मीच हरकत नाही लिहिलं होतं. आपण सांगू की नकाशाच चुकला, उंची नकाशातच जास्त होती, तुम्ही नकाशाप्रमाणे बांधलंत. कुणी तुम्हाला काही म्हणणार नाही. साहेबांना पटेल, अर्बाबलाही पटेल.

चाचांनी मला बोलून घेऊ दिलं. मग म्हणाले, "कागदावर नको टाकू. कागद गप्प होता. हात माजा होता."

ते तसेच उठले आणि अर्बाबकडे गेले. मी मागोमाग. अर्बाब फोनवर होता. चाचांनी फोन संपायची वाट बघितली आणि अरबीत सांगितलं, आडवळण न घेता, की कंगोरा मी एक थर जास्त बांधला, म्हातारा खरं सांगतो आहे, मला तो पाडू दे. अर्बाबचा चेहरा बघवत नव्हता. तपासणी झालेली भिंत. फोटो निघालेली भिंत. चार-आठ दिवसांत काम ताब्यात द्यायचं, आणि हा म्हणतो पाडतो! अर्बाब म्हणाला, पावसासाठी? इथं? आणि मग तो जे बोलला ते मी लिहिणार नाही, पण चाचा मान खाली घालून सगळं ऐकत उभे राहिले. त्यांना असं कुणी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मजूर ऐकत होते. शेवटी अर्बाबनं बोट दाखवून बजावलं की शनिवारी संध्याकाळपर्यंत परांची उतरलेली पाहिजे, आणि सावली जर जुळली नाही, तर भिंत पाडणारा गवंडी म्हणूनच मी तुला घरी पाठवीन, सगळ्या गावाला सांगून.

शुक्रवारची नमाज करून चाचा परांचीवर चढले. सुट्टीचा दिवस, मजूर कुणी नव्हतं. मी मस्कतहून गाडी घेऊन आले होते. नवरा म्हणाला, तुझं काय काम तिथं? काहीच नव्हतं. मी खाली उभी राहून वर बघत होते. त्यांनी पहिला दगड उपसताना छिन्नी लावली आणि थांबले. बराच वेळ थांबले. मला वाटलं, रडतात की काय. मग हातोडा पडला. दहावा थर काढून झाल्यावर त्यांनी निमुळतं टोक जुन्या फोटोबरहुकूम पुन्हा बांधलं, सारूज चाखला, आणि या वेळी उतार दिला नाही. माथा सपाट ठेवला, जसा पूर्वीच्या माणसानं ठेवला होता. ज्याला पावसाची भीती नव्हती त्याच्यासारखा.

शनिवारी दुपारी चौकात साहेब, अर्बाब, मी, आणि खुर्चीवर सालिमबाबा. चाचा खुर्चीत बसेनात. गिलावा अजून ओला होता. सावली पहिल्या दगडाला टेकली. ती तर आधीही बरोबर टेकायची, त्यात काय? खरा जीव टांगणीला लागला तो पुढच्या अर्ध्या तासात. उन्हानं डोकं तापलं होतं, तरी एकही माणूस ओसरीत जाईना. साहेब घड्याळ बघून मिनिटं मोजत होते. अठ्ठावीस झाली. मागे याच वेळी सावली दुसऱ्या दगडावर पोचायची. आज दगड आणि टोक यांच्यामध्ये उन्हाची एक पट्टी उरली होती. एकोणतीस. पट्टी बारीक झाली. तीस, आणि टोक दगडाच्या कडेला लागलं!

मी टाळी वाजवली. कुणीच वाजवली नाही म्हणून थांबले. साहेब म्हणाले, पुढचा बघू. पुढचा बघितला. बरोबर. त्याच्या पुढचा. बरोबर! अर्बाब जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि प्रत्येक दगडाला फोनवर कुणाला तरी सांगत होता, क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा. सातव्या दगडावर सावली आली तेव्हा साहेबांनी घड्याळ उतरवून खिशात घातलं आणि सालिमबाबांपाशी जाऊन त्यांच्या हातावर हात ठेवला. बाबांनी तेवढ्या वेळात एकदाही घड्याळाकडे बघितलं नव्हतं. ते चाचांकडे बघत होते.

दगड राहिले. उद्घाटन झालं, मोठी माणसं आली, खुर्च्या ओसरीत मांडल्या. चौकाच्या पाटीवर कंत्राटदाराचं नाव आहे, आमच्या ऑफिसचं आहे, चाचांचं नाही. मी त्यावरून ऑफिसात भांडले, काही उपयोग झाला नाही. चाचांना सांगितलं तर म्हणाले, नाव कशाला, पाडलेल्या भिंतीवर? आणि हसले. मला हसू आलं नाही.

चाचांना मी शेवटचं बघितलं ते गावी निघायच्या आदल्या दिवशी. निरोप घ्यायला गेले तर ते चौकात होते आणि सालिमबाबाही. आता बाबांनी गावातल्या चौघांना दगडांची रीत शिकवली होती आणि आठवड्यातल्या एका दिवसाचं पाणी पुन्हा सावलीवर वाटलं जात होतं. आज बाबांच्या बागेची अर्ध्या तासाची पाळी होती. बाबांनी चाचांना हाताला धरून पाटाच्या तोंडाशी नेलं, जिथून पाणी चौकाबाहेर पडतं. तिथं दोन वाटा आहेत. एक बाबांच्या खजुरांकडे, दुसरी शेजाऱ्याकडे. दगड आणि फडक्याच्या बोळ्यानं हवी ती वाट बंद करायची.

बाबा म्हणाले, "चौथ्या दगडापासून पाचव्या दगडापर्यंतचं पाणी आज तुझं."

चाचा गोंधळले. गावात पाण्याचा वाटा विकत घेतात, वारशानं देतात, लग्नात देतात. परक्याला असा कुणी देत नाही, हे चाळीस वर्षं इथं राहिलेल्या माणसाला माहीत होतं. ते म्हणाले, माझं इथं शेत नाही, झाड नाही, मी हे पाणी नेऊ कुठे? बाबा म्हणाले, तुझं आहे, तुला हवं तिथं ने.

चाचा चौकात गेले आणि चौथ्या दगडापाशी उभे राहिले. सावली आल्यावर परत आले, वाकून बोळा काढून शेजाऱ्याच्या वाटेत दाबला, आणि पाणी बाबांच्याच खजुरांकडे सोडलं. मग काठावर बसून त्यांनी हात धुतले, तोंड धुतलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोन्ही पाय त्या पाण्यात सोडले. कातडी तडकलेली, नखांत चुना गेलेला. पाणी त्यांच्या पायांवरून जाऊन झाडांच्या आळ्यांत भरत होतं. बाबा शेजारी बसले. कुणी बोलत नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि माझ्या बाबतीत ही केवढी गोष्ट आहे हे माझ्या नवऱ्याला विचारा. चाचा मधूनच हळूच पाय हलवत होते आणि मग दूरच्या झाडाकडे बघत होते, पाणी तिथवर पोचलं का ते.

त्यांनी एकदाही मागे वळून दगडाकडे बघितलं नाही. मी बघत होते. ऊन सरकत होतं. टोक पाचव्या दगडाच्या कडेला आलं, आणि मी तोंड उघडायच्या आत चाचांनी पाय बाहेर काढले, बोळा उचलला आणि आपली वाट नीट दाबून बंद केली. पुढचं पाणी शेजाऱ्याचं होतं.